राऊटर नवा, बाकी जुनी
दुकानात व घरात शिल्लक राहिलेल्या वायफायच्या नोंदी कशा शोधाव्यात व कशा मिटवाव्यात

३१ मार्च उलटला की आपण नवी खातेवही उघडतो. परंतु वही बदलली म्हणून जुने येणे-देणे मिटत नाही. प्रत्येक बाकी एक तर पुढे ओढून घ्यावी लागते किंवा चुकती करावी लागते. वायफायचा राऊटर बदलण्याचा व्यवहार याच जातीचा आहे. भिंतीवरचा डबा बदलतो, मोबाईलवर इंटरनेट सुरू होते आणि काम झाले असे आपण समजतो. प्रत्यक्षात जुन्या राऊटरचे नाव व पासवर्ड कॅमेऱ्यात, बिलाच्या प्रिंटरमध्ये, मोबाईलवरून चालणाऱ्या प्लगमध्ये आणि दाराच्या घंटीत तसेच लिहिलेले राहतात. ही उपकरणे दिवसरात्र त्या जुन्या नावालाच हाक मारत बसतात. त्या शिल्लक नोंदींचा हा पाठ आहे.

खामगाव, मलकापूर, नांदुरा, चिखली, मेहकर अशा आपल्या गावांत अनेक व्यापाऱ्यांचे खाली दुकान व वर घर असते. राऊटर एकच. त्याच्यावर दुकानाचे कॅमेरे व बिलाचे संगणक चालतात, आणि वरच्या मजल्यावरचा टीव्ही, बल्ब व दाराची घंटीही चालते. कापडाचा व्यापारी मालासाठी मलकापूरला गाडीत बसून सुरतेला जातो आणि तेथून मोबाईलवर आपले दुकान पाहतो. कॅमेरा बंद असल्याचे त्याला तेथे कळले, तर निदान कळले तरी. कित्येकदा कोणी पाहतच नाही आणि महिनाभर चित्रण झालेले नसते. चोरी झाल्यावर पोलीस चित्रण मागतात, तेव्हा ही बाकी उघडी पडते. म्हणून हा विषय शौकाचा नसून दुकानाच्या हिफाजतीचा आहे.

नोंदी कोठे कोठे राहतात?

आम्ही आमच्या दुकानात व वरच्या घरात मोजदाद केली तेव्हा वायफायवर चालणाऱ्या तेरा वस्तू निघाल्या. आधी अंदाज सहा-सातचा होता. आपणही कागद घेऊन मोजदाद करावी. दर विक्रीचे पैसे मिळाल्याचे बोलून सांगणारा साऊंडबॉक्स बहुधा स्वतःच्या सिमवर चालतो. आपला तसाच आहे याची खात्री करून तो यादीतून वगळावा.

जुन्या जाळ्याची नोंद पाच ठिकाणी शिल्लक राहते :

१) उपकरणाच्या स्वतःच्या स्मृतीत. येथे जाळ्याचे नाव, पासवर्ड व सुरक्षेचा प्रकार लिहिलेला असतो. वीज गेली तरी ही नोंद पुसली जात नाही.

२) ठरवून दिलेल्या पत्त्यात. डीव्हीआर किंवा प्रिंटर बसवताना कारागीर पुष्कळदा त्याला कायमचा आकडी पत्ता देऊन ठेवतो. जुन्या राऊटरची गल्ली १९२.१६८.१ अशी असते व नव्याची १९२.१६८.० किंवा १९२.१६८.२९ अशी असू शकते. दुकान नव्या गल्लीत गेले, पण पाटीवर पत्ता जुन्याच गल्लीचा राहिला, असा हा प्रकार आहे.

३) रिपीटरमध्ये. जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींतून लहरी पुढे जात नाहीत, म्हणून जिन्यात एखादा रिपीटर लावलेला असतो. राऊटर गेला तरी तो जुन्या नावाचे जाळे पसरवीत राहू शकतो.

४) मोबाईल व संगणकात. फोन जुने नाव लक्षात ठेवतो. संगणकाला प्रिंटरचा जुना पत्ता पाठ असतो.

५) कंपनीच्या खात्यात. कॅमेरा कोणाचा, हे कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीच्या दूरच्या संगणकावर लिहिलेले असते. उपकरणाचे बटण दाबून ही नोंद बहुधा पुसली जात नाही.

आधी निदान, नंतर रिसेट

उपकरण चालेना की पिन घेऊन रिसेटचे छिद्र दाबायचे, असा सर्वसाधारण दस्तूर पडला आहे. तो सोडून द्यावा. रिसेटने वेळापत्रके, कॅमेऱ्याची दिशा व इशाऱ्यांची मांडणी जाते, आणि मूळ दोष दुसरीकडे असल्यास तो तसाच राहतो. आधी लक्षण पाहावे.

लक्षण पहिले : उपकरणाचा दिवा लुकलुकतो व ॲपमध्ये ‘ऑफलाइन’ असे दिसते. उपकरण एकदा बंद करून दोन मिनिटांनी चालू करावे. तेवढ्याने चालले, तर शिल्लक नोंदीचा दोष नाही. वीज परत आल्यावर कॅमेरा मिनिटभरात जागा होतो, राऊटर व फायबरचा डबा यांना जास्त वेळ लागतो. काही उपकरणे तेवढ्यात प्रयत्न सोडून देतात. अशा ठिकाणी राऊटर व फायबरचा डबा दोन्ही इन्व्हर्टरवर घ्यावेत. बंद-चालू करूनही उपकरण आले नाही, तर जुने नाव शिल्लक आहे असे धरावे.

लक्षण दुसरे : सिग्नलच्या सर्व रेघा दिसतात, पण इंटरनेट नाही. येथे संशय रिपीटरवर घ्यावा. रिपीटर जुन्या नावाने हाक देतो, उपकरणे आनंदाने त्याला जोडली जातात, मात्र त्याच्या मागे काहीच नसते. रिपीटर बंद करून पाहावा. फोनवरील यादीतून जुने नाव गेले, तर चोर सापडला. रिपीटरला नव्या राऊटरशी जोडून द्यावे.

लक्षण तिसरे : कधी चालते, कधी बंद पडते, कारण सापडत नाही. जुना राऊटर फेकून न देता जाळे वाढवण्यासाठी मागच्या खोलीत लावला असल्यास हे हमखास घडते. राऊटरचे एक काम म्हणजे प्रत्येक उपकरणाला आकडी पत्ता वाटणे. या वाटपास डीएचसीपी म्हणतात. एका दुकानात दोन मुनीम एकाच क्रमांकाच्या पावत्या फाडू लागले तर जो गोंधळ होईल तो येथे होतो. जुन्या राऊटरमधील डीएचसीपी बंद करावे व त्याचा स्वतःचा पत्ता नव्या राऊटरच्या पत्त्याहून वेगळा ठेवावा.

लक्षण चौथे : दुकानातील टीव्हीवर कॅमेरे दिसतात, परंतु मोबाईलवर दिसत नाहीत; अथवा संगणक चालतो पण बिल छापले जात नाही. हा कायमच्या पत्त्याचा दोष असतो. डीव्हीआरच्या नेटवर्कच्या पानावर जाऊन पत्ता ‘आपोआप’ घेण्यास सांगावे, म्हणजे तो नव्या गल्लीचा पत्ता घेईल. प्रिंटर मात्र संगणकाला जुन्या पत्त्यावरच शोधायची सवय असल्याने संगणकातून काढून पुन्हा जोडावा. नंतर राऊटरच्या पानावर त्या दोघांचे पत्ते राखून ठेवावेत, म्हणजे रोज बदलणार नाहीत.

सर्वांत स्वस्त उपाय

ज्याच्याकडे दहा-पंधरा उपकरणे आहेत त्याने प्रत्येकाजवळ शिडी लावून जाण्याची गरज नाही. नव्या राऊटरलाच जुने नाव व जुना पासवर्ड द्यावा. उपकरण डब्याचा रंग किंवा कंपनी पाहत नाही. नाव, पासवर्ड व सुरक्षेचा प्रकार जुळला की ते आपोआप जोडले जाते. सेवा देणाऱ्या कंपनीचा माणूस नवा राऊटर बसवताना छापील चिठ्ठीवरचे नावच ठेवून जातो. तो असतानाच त्याच्याकडून जुने नाव व पासवर्ड टाकून घ्यावा. राऊटरची अंतर्गत गल्लीही जुन्यासारखी करून मागितल्यास डीव्हीआर व प्रिंटरचाही प्रश्न मिटतो.

नाव लिहिताना अक्षरन् अक्षर जुळले पाहिजे. इंग्रजी मोठी व छोटी लिपी वेगळी धरली जाते. दोन शब्दांमधील किंवा शेवटी चुकून पडलेली मोकळी जागासुद्धा अक्षर म्हणून मोजली जाते. म्हणून जुना राऊटर उतरवण्यापूर्वी त्याच्या पानाचे छायाचित्र काढून ठेवणे उत्तम.

परंतु हा उपाय सरसकट करू नये. जुना पासवर्ड शेजारच्या दुकानांना, सोडून गेलेल्या नोकरांना व येणाऱ्या-जाणाऱ्या ग्राहकांना माहीत झाला असेल, तर तो पुढे ओढणे म्हणजे कुलूप नवे घेऊन किल्ली जुनीच चालवणे होय. अशा वेळी नवा पासवर्डच ठेवावा आणि प्रत्येक उपकरण नव्याने जोडण्याचे कष्ट घ्यावेत. ग्राहकांसाठी वेगळे पाहुण्यांचे जाळे बहुतेक नव्या राऊटरमध्ये देता येते. तेथे दुकानाचे कॅमेरे व संगणक ठेवू नयेत.

नाव तेच, तरीही जोडणी नाही

येथे पुष्कळजण हात टेकतात. कारणे बहुधा दोन असतात.

पहिले कारण लहरींचा बँड. घरगुती वायफाय मुख्यतः २.४ व ५ गिगाहर्ट्झ या दोन बँडवर चालते. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा बँड २००५ मध्ये विनापरवाना वापरासाठी खुला झाला, तर ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग २०१८ मध्ये. पहिल्या बँडची लहर भिंतीतून जास्त आत जाते व त्याचे सुटे भाग स्वस्त असतात, म्हणून स्वस्त प्लग, बल्ब व पुष्कळ कॅमेरे फक्त २.४ वरच चालतात. नवा राऊटर दोन्ही बँड एका नावाखाली ठेवतो. जुने उपकरण त्यात अडखळते, किंवा जोडणी करताना फोन ५ वर असल्यामुळे उपकरण त्याला सापडत नाही. राऊटरच्या पानावर २.४ चा बँड चालू आहे याची खात्री करावी. जमल्यास त्याला वेगळे नाव द्यावे. जुने नाव २.४ ला व नवे नाव ५ ला दिल्यास उपकरणे आपोआप आपल्या घरी जातात आणि फोन, टीव्ही वेगाच्या बँडवर राहतात.

दुसरे कारण सुरक्षेचा प्रकार. डब्ल्यूपीए-२ ही पद्धत २००४ मध्ये आली व डब्ल्यूपीए-३ ही २०१८ मध्ये. राऊटर फक्त डब्ल्यूपीए-३ वर ठेवला असेल, तर जुनी उपकरणे पासवर्ड बरोबर असूनही आत घेतली जात नाहीत. राऊटर दोन्हींच्या मिश्र प्रकारावर ठेवावा. तरीही एखादे उपकरण अडले, तर डब्ल्यूपीए-२ ठेवावा. कोणी जुन्या कॅमेऱ्यासाठी पासवर्डच काढून टाकण्याचा किंवा त्याहून जुन्या डब्ल्यूईपी पद्धतीवर जाण्याचा सल्ला दिला, तर तो मानू नये. एवढ्यावर न चालणारा कॅमेरा बदलणेच स्वस्त पडते.

खाते कोणाच्या नावावर?

आपल्याकडील सर्वांत मोठी बाकी हीच आहे. कॅमेरे बसवणारा कारागीर घाईत स्वतःच्या मोबाईल नंबरावर खाते उघडतो, व्यापाऱ्याला त्यातून फक्त पाहण्याची मुभा देतो व निघून जातो. दोन वर्षांनी राऊटर बदलतो, कॅमेरा रिसेट करावा लागतो, आणि ॲप सांगते की हे उपकरण दुसऱ्याच्या खात्याला बांधलेले आहे. तोवर कारागिराने नंबर बदललेला असतो किंवा तो पुण्या-मुंबईकडे गेलेला असतो. पैसे आपण मोजले, पावती आपल्या नावाची, परंतु किल्ली दुसऱ्याकडे.

यात केवळ अडचण नाही, धोकाही आहे. खाली दुकान व वर घर असलेल्या ठिकाणी जिन्यातला किंवा अंगणातला कॅमेरा घरातील माणसांची ये-जा टिपतो. ज्याच्या खात्यात तो कॅमेरा आहे, त्याला तो कोठूनही उघडून पाहता येतो. घरातील मायबहिणींचा खाजगीपणा ही अमानत आहे आणि ती अनोळखी नंबरावर सोडता येत नाही. कारागीर प्रामाणिक असला तरी व्यवहार लेखी व खाते मालकाच्या नावावर असणे हाच नियम ठेवावा. आजच ॲप उघडून ‘मालक’ म्हणून कोणाचा नंबर आहे ते पाहावे. दुसऱ्याचा असल्यास त्याला भेटून, त्याच्याकडून उपकरण खात्यातून काढून घ्यावे व आपल्या नंबरावर जोडावे. तो सापडत नसेल, तर खरेदीची पावती व उपकरणाचा क्रमांक घेऊन कंपनीच्या ग्राहक सेवेकडे मागणी करावी. म्हणूनच पावती जपून ठेवावी.

जुने सामान विकताना किंवा परत करताना

आपण कोणाला कापडाचा जुना गल्ला विकला, तर आधी आतील चिठ्ठ्या काढून घेतो. राऊटर व कॅमेऱ्याबाबत मात्र हे होत नाही. अमेरिकेतील नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी बाजारातून ८६ वापरलेली इको डॉट ही बोलती उपकरणे विकत घेतली. त्यांपैकी ६१ टक्के उपकरणे रिसेट न करताच विकलेली निघाली. रिसेट केलेल्या उपकरणांच्या स्मृतीतूनही वायफायच्या पासवर्डसारखी माहिती काढता येते, असे त्यांनी २०२१ मध्ये दाखवले. ईसेट या सुरक्षा कंपनीने २०२३ मध्ये जुन्या बाजारातील कार्यालयीन राऊटर तपासले. त्यांतील निम्म्याहून अधिक राऊटरांत आधीच्या मालकांची मांडणी व गुपिते जशीच्या तशी होती.

खात्याची नोंद शिल्लक राहिल्याचे उदाहरणही आहे. जून २०१९ मध्ये नेस्ट कॅमेऱ्यांबाबत असे उघड झाले की, कॅमेरा रिसेट करून विकल्यावरही जुन्या मालकाला दुसऱ्या एका जोडलेल्या सेवेतून नव्या घराची चित्रे दिसत होती. गुगलने नंतर तो दोष दूर केला. घेणाऱ्याने व विकणाऱ्याने, दोघांनीही यातून शिकण्यासारखे आहे.

यासाठी पुढील क्रम पाळावा. आधी ॲपमधून उपकरण खात्यातून काढावे. नंतर उपकरणाचे रिसेट करावे. कॅमेऱ्यातील मेमरी कार्ड काढून घ्यावे, कारण रिसेटने कार्डावरील चित्रण जात नाही. सेवा कंपनीला राऊटर परत देतानाही तो आधी रिसेट करून द्यावा. आणि सर्व झाल्यावर आपल्या घरच्या वायफायचा पासवर्ड बदलावा, म्हणजे चिपमध्ये काही शिल्लक राहिलेच तर ते निरुपयोगी ठरते.

रिसेटनंतरची एक खबरदारी विसरू नये. रिसेट झालेला डीव्हीआर किंवा राऊटर कारखान्यातून आलेल्या सोप्या पासवर्डवर जाऊ शकतो. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या विषाणूने असेच कारखान्याचे पासवर्ड वापरून जगभरातील कॅमेरे, डीव्हीआर व राऊटर ताब्यात घेतले होते, आणि ऑक्टोबर महिन्यात त्यांच्या बळावर मोठमोठ्या संकेतस्थळांची सेवा काही तास बंद पाडली होती. आपल्याकडे केंद्र सरकारने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेच्या चाचणीची अट एप्रिल २०२५ पासून लागू केली आहे. परंतु त्यापूर्वी भिंतीवर चढलेल्या कॅमेऱ्यांची काळजी मालकानेच घ्यायची आहे.

राऊटर बदलताना कामाचा क्रम

१) जुना राऊटर चालू असतानाच जोडलेल्या उपकरणांची यादी त्याच्या पानावरून उतरवून घ्यावी. जाळ्याचे नाव, सुरक्षेचा प्रकार व आकडी गल्ली लिहून ठेवावी.

२) जुना पासवर्ड पुढे ओढायचा की चुकता करायचा, हे ठरवावे.

३) नव्या राऊटरवर २.४ चा बँड व सुरक्षेचा प्रकार पाहून घ्यावा. राऊटरच्या पानाचा कारखान्याचा पासवर्ड बदलावा.

४) प्रथम एकच उपकरण जोडावे. ते चालल्यावर बाकीची घ्यावीत. प्रत्येकापुढे यादीत खूण करावी.

५) रिपीटर व जुना राऊटर यांना नव्याशी जोडावे किंवा उतरवून ठेवावे. घरातील फोनमधून जुने नाव ‘विसरा’ म्हणून काढून टाकावे.

६) दुसऱ्या दिवशी आदल्या रात्री दोन वाजताचे चित्रण उघडून पाहावे. आत्ताचे चित्र दिसते म्हणजे साठवण होते असे नव्हे. इंटरनेट नसताना काही कॅमेरे केवळ आतील कार्डावर चित्रण करतात, आणि चोराने कॅमेराच उचलला तर पुरावाही त्याच्याबरोबर जातो.

७) एकदा मोबाईलचे वायफाय बंद करून, सिमच्या इंटरनेटवर दुकान पाहावे. सुरतेहून दिसेल की नाही, याची परीक्षा दुकानात बसूनच होते.

व्यापारी बंधूंनो, या कामाला इंजिनिअर लागत नाही. लागते ती वही आणि एक निवांत दुपार. यादीची एक प्रत गल्ल्यात व एक घरात ठेवावी, आणि ती घरातील दुसऱ्या एका माणसाला समजावून द्यावी. दुकानाचे सर्व पासवर्ड एकाच माणसाच्या डोक्यात असणे हीसुद्धा एक प्रकारची थकबाकीच आहे.